परत पाठवलेली होडी

आमच्या काताता गावात न्हावी सोमवारी बंद असतो, वाचनालय सोमवारी बंद असतं आणि संग्रहालयही सोमवारीच बंद असतं. सगळं जग कामाला निघतं त्या दिवशी आम्ही तिघं रिकामटेकडे. रविवारी कुणी बोलावलं तर आम्हाला जमत नाही, आणि सोमवारी आम्हाला कुणी बोलावत नाही. त्यामुळे आमची मैत्री काही स्वभाव जुळले म्हणून झालेली नाही, सुट्टीचा वार जुळला म्हणून झाली. पुढे कळलं की तिघांकडेही पाण्यावर उभं राहून वाऱ्याने चालवायची शिडाची फळी आहे, आणि जपानातलं सगळ्यात मोठं बिवा सरोवर तर सगळ्यांच्याच दारात. एवढ्यावर बारा वर्षं निघाली.

तिघांतले ओत्सुजी-सान संग्रहालयात पहारेकरी आहेत. दिवसभर खुर्चीवर बसून जुन्या मडक्यांकडे बघायचं, हे त्यांचं काम. तीस वर्षांत एकही मडकं जागचं हललं नाही, यापेक्षा चोख नोकरी दाखवा, असं ते म्हणतात. मी कुसाका, वाचनालयात टेबलामागे बसते. आठवड्याचे सहा दिवस लोक मला प्रश्न विचारतात, सोमवारी माझी पाळी असते. माझ्याबरोबर गाडीत बसणं म्हणजे पोलीस चौकीत बसणं, फक्त चहा बरा मिळतो, हेही ओत्सुजी-सानांचंच म्हणणं.

आणि युरुगी-सान. वय एकोणसत्तर, धंदा न्हाव्याचा. वडिलांचंच दुकान, आता ते आणि त्यांची बायको फुसाए-सान मिळून चालवतात. पन्नास वर्षं लोकांच्या डोक्यामागे उभं राहून या माणसाला एक सवय लागलीय: कुणाला काही विचारायचं नाही. गिऱ्हाईक बसलं की आरशात एकदा बघायचं आणि कात्री उचलायची. बोललं तर ऐकायचं, झोपलं तर झोपू द्यायचं. माझ्यासारखीला असा माणूस म्हणजे कुलूप लावलेलं कपाट. उघडून बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही.

न्हाव्याला दिवसाला चाळीस टॉवेल लागतात. ते धुऊन दुकानाच्या मागच्या गच्चीत वाळत घातलेले असतात, आणि गच्चीचं तोंड सरोवराकडे. सोमवारी पहाटे सहाला युरुगी-सान गच्चीत जातात आणि आम्हा दोघांना फोनवर एक ओळ धाडतात. ‘टॉवेल हलतायत’ असं आलं की मोठं शीड घ्यायचं. ‘टॉवेल अर्धे’ आलं की मधलं. ‘टॉवेल आडवे’ आलं की सगळ्यात लहान शीड घेऊन निघायचं. हवामान खात्याचा अंदाज ओत्सुजी-सान रोज बघतात, पण निघताना टॉवेलच मानतात.

युरुगी-सान फळीवर उभे राहायला शिकले ते अठ्ठाविसाव्या वर्षी. तेव्हा सगळ्या देशाला या खेळाचं वेड लागलं होतं आणि तरुण पोरं गाडीच्या टपावर फळी बांधून नुसतीच गावातून फिरायची. त्या पोरांच्या फळ्या केव्हाच माळ्यावर गेल्या. युरुगी-सानांची पाण्यातच राहिली. ते वेगात जात नाहीत, उड्या मारत नाहीत. दांडी धरून ताठ उभे राहतात, गिऱ्हाइकाच्या मागे राहतात तसेच, आणि जिथून निघाले बरोबर तिथेच परत येतात. मला ते बघायला फार आवडतं.

पण त्यांनी स्वतःला एक अट घातलेली होती. ज्या दिवशी आपल्याला दुसऱ्या कुणी काठाला आणावं लागेल, तो आपला शेवटचा दिवस. फळी विकायची, विषय संपला. हे त्यांनी आम्हाला एकदाच, सहज सांगितलं होतं, आणि मी का म्हणून विचारल्यावर ते शिडाची घडी घालत बसले.

त्याचं उत्तर मला फुसाए-सानांकडून मिळालं. मी महिन्यातून एकदा त्यांच्याकडे चेहऱ्याची लव काढायला जाते. तोंडभर फेस, गळ्याशी वस्तरा. मला गप्प बसवायची तेवढी एकच जागा आहे, आणि तिथेच फुसाए-सानांना बोलावंसं वाटतं. युरुगी-सानांचे वडील ऐंशीच्या पुढे गेले तरी खुर्चीमागे उभे राहायचे. हात थरथरायला लागले होते. जुनी गिऱ्हाइकं तरीही यायची, कानामागे वस्तरा लागला तरी हूं की चूं करायची नाहीत, वाकून आभार मानायची आणि पुढच्या चौकातल्या औषधाच्या दुकानात जाऊन पट्टी लावून घ्यायची. औषधवाल्याला ठाऊक होतं, सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. म्हाताऱ्याला कुणीच सांगितलं नाही. मुलगा बाजूच्या खुर्चीपाशी कात्री चालवत होता, त्यानेही नाही सांगितलं. वडील गेल्यावर एका जुन्या गिऱ्हाइकाने कौतुकाने आपला कान दाखवला, तेव्हा युरुगी-सान मागच्या गच्चीत जाऊन बराच वेळ उभे होते.

म्हणून ही अट. लोक सांगणार नाहीत, तेव्हा आपणच आपली खूण ठरवून ठेवायची.

आता गेल्या नोव्हेंबरचं सांगते. त्या सोमवारी मी नव्हते, ओत्सुजी-सान नव्हते, आणि टॉवेल आडवे होते. हिराच्या डोंगरावरून उतरणारा वारा आमच्या काठावरून आत सरोवरात वाहतो. काही मोडलं तर तो माणसाला परत आणत नाही, पलीकडे नेतो. काठापासून दोनेक किलोमीटरवर युरुगी-सानांची डोलकाठी मोडली. त्यांनी शीड गुंडाळून फळीवर बांधलं, त्यावर पालथे झोपले आणि हातांनी पाणी मारायला लागले. तेवढ्यात ओकिशिमा बेटाची एक मासेमारी होडी जवळ आली. होडीवाल्याने ओरडून विचारलं, आणि युरुगी-सान फळीवर उठून बसले, वाकले, आणि नाकासमोर तळहात उभा धरून माशी हाकलतात तसा हलवला. काही नाही, काही नाही, मी ठीक आहे, तुमचा खोळंबा नको. होडी निघून गेली.

त्यानंतर तीन तासांनी, अंधार पडता पडता, ते स्वतःच्या हातांनी बेटाच्या वाळूला लागले. रबरी पोशाखातच शेवटच्या फेरीबोटीत चढले. जागा ओल्या होतील म्हणून बसले नाहीत. पलीकडच्या धक्क्यावर एकजण फोन देऊ करत होता, त्यालाही नको म्हणाले आणि नाण्याच्या फोनचा डबा शोधत अर्धा तास हिंडले, असं ओत्सुजी-सान सांगतात. ओत्सुजी-सान त्यांना घ्यायला गेले तेव्हा दात वाजत होते, पण पहिलं वाक्य हे होतं: मला कुणी आणलं नाही हं, मी आलो.

आम्ही हसून हसून बेजार झालो. ओत्सुजी-सानांनी तो नाकासमोरचा हात पाठच करून टाकला. चहा ओतायला गेलं की करायचे. मी मात्र हसून झाल्यावर विचारात पडले. पाणी गार, अंधार जवळ, आणि दारात आलेली मदत माणूस परत पाठवतो, तेव्हा त्याच्या आत नक्की काय चालतं? अट मोडेल ही भीती? की नुसती भीड? आपल्याकडे म्हणतातच, भीड भिकेची बहीण. मी हे त्यांना किमान दहा वेळा विचारलं असेल. शेवटी एकदा म्हणाले, ‘‘हात आपोआप गेला.’’ मला हे उत्तर पटलं नाही. मोठं माणूस आहे, हात आपोआप कसा जाईल?

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात हिराचा वारा जाता जाता एकदा जोरात येतो. तो येऊन गेल्याशिवाय वसंत आला असं आमच्याकडे कुणी मानत नाही. त्या सोमवारी सहाला ओळ आली: ‘टॉवेल आडवे. दोन उडाले.’ एक टॉवेल शेजाऱ्यांच्या झाडावर सापडला होता आणि युरुगी-सान आधी त्यांची क्षमा मागून आले होते, म्हणून निघायला उशीर झाला.

काठावर पाइनची झाडं आहेत आणि त्यांच्यामागे एक धाकटं तळं. मोठ्या सरोवराचाच फाटा तो, मध्ये वाळूची पट्टी पडून वेगळा झालेला. वेताने वेढलेलं, कमरेएवढं पाणी. युरुगी-सानांनी सांगितलं, सकाळ इथेच काढायची, वारा काय म्हणतो ते कळू दे. ओत्सुजी-सान तेवढ्यात सात वेळा पडले आणि सातव्या वेळी गुडघा मुरगाळून घेतला. मी माझी फळी जोडत होते तेव्हा युरुगी-सान येऊन उकिडवे बसले आणि डोलकाठी फळीला जिथे जोडतात त्या रबरी सांध्याकडे बघत राहिले. सांध्याला बारीक चीर होती. शरदातही त्यांनी तो बदलायला सांगितला होता, आणि नव्या वर्षानंतरही एकदा. पालथ्या घड्यावर पाणी. मी म्हटलं, या आठवड्यात नक्की.

जेवायला भाताचे गोळे होते आणि फुसाए-सानांनी दिलेली कोळंबी-सोयाबीनची गोडसर उसळ. कोळंबीसारखी कंबर वाकेपर्यंत जगा, म्हणून ती खायची. ओत्सुजी-सान म्हणाले, आपण मधलं गाळून थेट वाकल्या कमरेलाच आलो. दुपारी वारा एकसारखा झाला, झटके कमी झाले. युरुगी-सान म्हणाले, मोठ्यात तासभर जाऊ या. ओत्सुजी-सान गुडघा धरून गाडीपाशी बसले; नजर ठेवणं हा आपला धंदाच आहे, निर्धास्त जा, म्हणाले.

त्या दिवसासारखं सुख मला फार कमी वेळा मिळालं आहे. मागे हिराच्या माथ्यावर अजून बर्फ होतं, पुढे सगळं पाणी पांढरं फुटत होतं, आणि माझ्या उजव्या हाताला तो ताठ म्हातारा. आम्ही दोनदा आत जाऊन परत आलो. तिसऱ्यांदा, काठापासून बरंच आत, माझ्या पायाखाली काहीतरी फट्कन वाजलं आणि मी पाण्यात पडले. वर आले तर फळी एकीकडे आणि शीड दुसरीकडे. सांधा तुटला होता. मी पोहत फळी गाठली. शीड तोवर लाटांवरून पूर्वेला निघालं होतं.

युरुगी-सान वळून आले. आधी त्यांनी माझी फळी दोरीने आपल्या फळीला बांधली आणि मला ओढत वाऱ्याविरुद्ध काठाकडे जायचा प्रयत्न केला. चार वेळा शीड उचललं, चारही वेळा वाऱ्याने आडवं केलं. मी ओरडून सांगितलं, तुम्ही जा, काठावरून कुणाला तरी पाठवा. त्यांनी काठाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि आपलं शीड फळीपासून काढून पाण्यात सोडून दिलं. मला एकटीला टाकून गेले असते तर ते आपल्या पायावर काठाला पोचले असते. हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

आम्ही दोन फळ्या शेजारी शेजारी बांधून बसलो आणि वारा आम्हाला नेत राहिला. पाणी इतकं गार होतं की पहिली वीस मिनिटं दुखलं आणि मग दुखायचं थांबलं. काठावरचे पाइन एक हिरवी रेघ झाले. ओत्सुजी-सानांना आमची शिडं दिसेनाशी झाली होती. नंतर कळलं, ते पाऊण तास फोन हातात धरून गाडीभोवती लंगडत होते, पोलिसांना उगाच तसदी कशाला म्हणून.

बऱ्याच वेळाने एक होडी दिसली. वारा वाढला म्हणून जाळी आवरून बेटाकडे निघालेली, मागे हिरवं छप्पर. युरुगी-सान हळूच म्हणाले, ‘‘तीच.’’

होडी आमच्यापासून हाकेच्या अंतरावर आली आणि इंजिन मंद झालं. साठीचा एक माणूस कठड्याशी आला आणि ओरडला, बरे आहात ना? आणि आता जे सांगते ते सांगायची मला लाज वाटते. मी उठून बसले. कमरेतून वाकले. आणि माझ्याच तोंडातून, माझ्याच आवाजात निघालं, ‘‘ठीक आहोत, ठीक आहोत! काही नाही!’’ माझा उजवा हात नाकासमोर उभा होता आणि हलत होता. मी तो बघत होते. तो मी उचलला नव्हता.

शेजारी युरुगी-सानांचाही हात तसाच वर गेला होता. म्हणजे आम्ही दोघं, गुडघ्यापर्यंत बर्फाच्या पाण्यात, एका होडीला वाकून वाकून घरी पाठवत होतो. आपण हसे लोकाला, शेंबूड आपल्या नाकाला. पाच महिने ज्या प्रश्नाने मला छळलं त्याचं उत्तर माझ्या नाकासमोर हलत होतं, आणि ते युरुगी-सानांनी दिलं होतं तेच होतं.

होडीवाल्याने मान हलवली आणि तो सुकाणूकडे वळला. तेवढ्यात युरुगी-सानांचं लक्ष माझ्या त्या हाताकडे गेलं. बोटं निळी पडली होती. पन्नास वर्षं माणसांची कातडी जवळून बघितलेला न्हावी तो. त्यांचा स्वतःचा हात नाकासमोर थांबला. मग त्यांनी तो वर नेला, दुसराही नेला, दोन्ही हात डोक्यावर जोरजोरात हलवले, आणि मी बारा वर्षांत कधी ऐकला नव्हता अशा आवाजात ते ओरडले, ‘‘न्या आम्हाला! आम्ही ठीक नाही! न्या!’’

होडी वळली.

इसोनो-सान त्यांचं नाव. त्यांनी आम्हाला वर ओढलं, कोळंबीच्या वासाच्या गोधड्या दिल्या आणि बेटाला आणलं. तिथे त्यांच्या बायकोने मला ऊन पाण्याच्या टाकीत बसवलं आणि शेतातल्या विजारी दिल्या, मला एक आणि युरुगी-सानांना एक, फुलाफुलांच्या. ओत्सुजी-सानांनी शेवटी पोलिसांना फोन केला होता. त्यांनाही कळवून झालं. इसोनो-सान तोवर पुन्हा होडी घेऊन गेले आणि दोन्ही शिडं शोधून आणली. बोलायला कुणाला सवडच झाली नाही.

परतीच्या फेरीबोटीत युरुगी-सान फुलाफुलांच्या विजारीत ताठ बसले होते. ‘‘झालं,’’ ते म्हणाले. मी म्हटलं, हे माझ्यामुळे, यात तुमची अट कुठे येते? ते म्हणाले, ‘‘कुणामुळे असं अटीत नव्हतं.’’ आणि खिडकीबाहेर बघत राहिले. मला रडू आलं. सहा महिने एक रबराचा तुकडा बदलायचा आळस केला आणि एका माणसाचं चाळीस वर्षांचं पाणी तोडलं. त्यांनी एकदाही त्या सांध्याचं नाव काढलं नाही, त्याने तर मला आणखीच वाईट वाटलं.

त्या आठवड्यात मी फुसाए-सानांकडे गेले. त्या म्हणाल्या, टॉवेल काढताना हल्ली सरोवराकडे पाठ करून काढतात. फळी विकायची चिठ्ठी लिहून दुकानाच्या काचेला आतून लावली होती. बाहेरून कुणाला वाचता येणार नाही अशी.

पुढच्या सोमवारी सहाला ओळ आली नाही. आठ वाजता मी आणि युरुगी-सान गाडीतून बेटाच्या फेरीबोटीकडे निघालो. कुणाला तसदी दिली की मिठाईचा खोका घेऊन जाऊन वाकायचं, हे आमच्याकडे अन्नपाण्याइतकं ठरलेलं आहे. युरुगी-सानांनी कोट घातला होता. मांडीवर खोका, बांबूच्या सालीत बांधलेल्या लाल चवळीच्या वड्यांचा, आणि मागच्या सीटवर धुऊन इस्त्री केलेल्या दोन विजारी.

बेटावर गाड्या नाहीत. माणसं तीनचाकी सायकलवर भाजी आणि जाळी घेऊन फिरतात. इसोनो-सान धक्क्यापाशीच जाळं दुरुस्त करत बसले होते. युरुगी-सान कोट घालून दगडावर गुडघे टेकून वाकले आणि म्हणाले, दोनदा तुम्ही आलात, पहिल्या वेळी मी तसदी टाळू शकलो, या वेळी नाही टाळू शकलो, क्षमा करा.

इसोनो-सानांनी जाळं खाली ठेवलं. ‘‘पहिल्या वेळी टाळलीत?’’ त्यांनी विचारलं.

त्यांची बायको दारात उभी होती. ती तोंडावर हात ठेवून आत गेली आणि पुन्हा बाहेर आली. ‘‘सांगा की आता,’’ ती नवऱ्याला म्हणाली.

इसोनो-सान जाळ्याकडे बघत बोलले. ‘‘तुम्ही हात हलवलात म्हणून मी निघालो. थोडं पुढे गेलो आणि इंजिन बंद केलं. डोलकाठी मोडलेला माणूस ठीक कसा असेल? मग होडी तुमच्यामागे, वाऱ्याच्या अंगाला आडवी धरली. लाट आधी माझ्यावर फुटेल, तुमच्यापर्यंत कमी येईल, म्हणून. तुम्ही वाळूला लागेपर्यंत तशीच धरली.’’

‘‘तीन तास?’’ मी विचारलं. विचारल्याशिवाय राहवलं नाही.

‘‘वर वीस मिनिटं. त्या दिवशीची कोळंबी बाजारात गेली नाही. घरात पाच दिवस कोळंबीच खात होतो.’’

‘‘मग पुन्हा जवळ का नाही आलात? तिथल्या तिथे दहा मिनिटांचं काम होतं.’’

इसोनो-सानांनी माझ्याकडे नवलाने बघितलं. ‘‘ठीक आहे, असं हे म्हणाले होते ना,’’ ते म्हणाले. ‘‘एवढ्या मोठ्या माणसाला खोटं कसं पाडायचं?’’

युरुगी-सान अजून गुडघ्यांवर होते. त्यांनी सावकाश खोक्याकडे बघितलं, मग सरोवराकडे. नोव्हेंबरात आपण एकटे हातांनी पाणी मारत होतो तेव्हा पाठीमागे कोण होतं, हे त्यांना आता कळत होतं. मागे वळून बघायचं त्यांना सुचलं नव्हतं, आणि पुढे येऊन सांगायचं इसोनो-सानांना सुचलं नव्हतं. युरुगी-सानांच्या वडिलांची गिऱ्हाइकं मला आठवली, कानामागे पट्टी लावून घेणारी. युरुगी-सानांनाही तीच आठवली असावीत, कारण त्यांचा हात आपल्याच कानाशी गेला होता.

चहा झाला, वड्या फुटल्या, आणि आम्ही धक्क्यावर येऊन बोटीची वाट बघत बसलो. युरुगी-सान म्हणाले, ‘‘म्हणजे मला नोव्हेंबरातच कुणीतरी आणलं होतं.’’

मी हो म्हटलं.

‘‘म्हणजे माझं तेव्हाच संपलं होतं. त्यानंतर आपण किती वेळा पाण्यात गेलो?’’

मला अशा गोष्टी लक्षात राहतात. अकरा सोमवार, मी सांगितलं.

‘‘अकरा,’’ ते म्हणाले. ‘‘संपल्यावर.’’ आणि त्यांना हसू आलं. आधी नाकातून, मग खांदे हलायला लागले. मी त्यांना इतकं हसताना कधी बघितलं नव्हतं. हसता हसता त्यांनी डोळे पुसले आणि विचारलं, बोटीला किती वेळ आहे. मी म्हटलं, बारा मिनिटं. ते उठले, कोट झटकला आणि आलो तसे गल्लीतून परत निघाले. मीही मागे गेले.

इसोनो-सान पुन्हा जाळं घेऊन बसले होते. युरुगी-सान त्यांच्यासमोर उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदाच कुणाकडे काही मागायचं असल्यासारखे दोन्ही हात पँटच्या शिवणीला घट्ट लावून.

‘‘नोव्हेंबरचा खोका राहिलाय,’’ ते म्हणाले. ‘‘तो पुढच्या सोमवारी आणेन. पश्चिमेचा वारा असला तर फळीवरून येईन. सकाळी दहाच्या सुमाराला. तुम्हाला तसदी होईल, पण जरा लक्ष ठेवाल का?’’

इसोनो-सानांनी मान वर केली. ‘‘ठेवीन,’’ ते म्हणाले. ‘‘पण तो हात हलवलात तर मी ऐकणार नाही.’’

‘‘ऐकू नका,’’ युरुगी-सान म्हणाले.

परत येताना मी आधी फळ्यांच्या सामानाच्या दुकानापाशी गाडी थांबवली आणि नवा सांधा घेतला. पुढच्या सोमवारी सहाला फोन वाजला. ‘टॉवेल अर्धे. इसोनो-सानांना कळवलंय.’